धोंडी नावाची बाटली

“धुडकूभाऊ, ही पोर खरंच तुमची, का कुणाची उचलून आणलीत?” मालतीबाईंनी विचारलं.

मालतीबाई वॉर्डातल्या थोरल्या नर्स. थट्टेशिवाय त्यांचं इंजेक्शनसुद्धा टोचत नसे. पण आज त्यांचे डोळे हसत नव्हते. मुंबईच्या प्रयोगशाळेतून फोन आला होता. धोंडी धुडकू पाटील या नावाची, हाडातल्या मगजाची बाटली तिथं पोचली होती. पण या मुलीचा पहिला नमुना त्यांना सापडत नव्हता. पहिल्याशिवाय दुसरा कशाशी ताडून बघणार?

धुडकू खाली मान घालून उभा राहिला. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या लूम कारखान्यात तो सरत आलेल्या बीमाच्या, म्हणजे ताण्याच्या रुळाच्या, तारांना नव्या बीमाच्या तारा गाठायचा. हजारो तारा, प्रत्येकीला एक गाठ. मान मोडेपर्यंत बसायची त्याला सवय होती, बोलायची नव्हती. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढणं, असं त्याची बायको भागीरथी म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवलं. सुरती हिंदीत त्या सावकाश बोलल्या. अंगातली पांढरी पेशी तयार होताना आपल्या जनुकांचे काही तुकडे कापते आणि उरलेले जोडते. प्रत्येक पेशीचा सांधा निराळा. रक्ताच्या कॅन्सरात अशी एकच पेशी बिघडते आणि तिच्यासारख्याच लाखो होतात. मग सगळ्यांत तोच सांधा सापडतो. औषधानंतर सूक्ष्मदर्शकाखाली रक्त स्वच्छ दिसतं, तरी कुठंतरी दडलेल्या चार पेशी त्या सांध्यावरून शोधता येतात. फक्त तो सांधा पहिल्या, दुखण्याच्या रक्तातून ठाऊक व्हायला हवा.

धुडकूला हे पटलं. लूमवरही गाठ ज्याची त्याची असते. सोबत काम करणाऱ्या भिकनची गाठ जाड, त्याची बारीक. कापडाचा ताका पाहून कुणाचा हात ते कळायचं.

“दडलेल्या असतील तर औषध वाढवायचं,” बाई म्हणाल्या, “पण ते औषध फार जहाल आहे. गरज नसताना दिलं तर तेच जिवावर उठेल. आठवड्यात ठरवायला हवं. पहला नमूना कहाँ है, भाई?”

धुडकूचा हात गळ्यातल्या ताइताकडं गेला. वॉर्डातल्या कोपऱ्यात त्याची सात वर्षांची लेक केस नसलेल्या डोक्याला ओढणी गुंडाळून, बाहुलीला सलाइन लावत बसली होती. कालच तिनं अर्धी भाकरी खाल्ली होती. नाव बदलल्यापासूनच ती खायला लागली, अशी त्याची खात्री होती. आता ते बोलायचं म्हणजे पुन्हा तिच्या अंगावर कुणाची तरी नजर ओढवून घ्यायची.

“मनी मायना तीन पोरं मरी ग्यात,” तो शेवटी म्हणाला. “मंग माले हाई वाईट नाव ठेवं. मरनले आवडाले नको म्हनीसन. मी वाचनू.”

मग त्यानं तुटक तुटक सगळं सांगितलं. पहिल्या दवाखान्यात भागीरथीनं पोरीचं खरं नाव सांगितलं होतं. तिथं शेजारच्या खाटेवरचा कुंदन गेला. गोरा, गोंडस, नाव सोन्यासारखं. त्याच दिवशी धुडकूनं मनाशी ठरवलं, आणि इकडं आणताना नावनोंदणीच्या खिडकीवर स्वतः उभा राहून ‘धोंडी’ सांगितलं. पोरीलाही गंमत वाटली होती. ती धोंडीला ओ द्यायला शिकली.

“खरं नाव?” मालतीबाईंनी हळूच विचारलं.

 त्यानं लेकीकडं पाठ केली आणि म्हणाला, “उज्ज्वला. उज्ज्वला शे तिन्हं नाव.” बोलून झाल्यावर तो घामाघूम झाला होता.

“अहो, यमापासून लपवायला गेलात,” मालतीबाई म्हणाल्या, “आणि शोधणाऱ्यांपासूनच लपवलीत.” एवढं बोलून त्यांनी मात्र आपल्या पदरानं डोळे पुसले.

मुंबईला फोन झाला. पहिल्या दवाखान्यातून गेलेला उज्ज्वला नावाचा नमुना थंड पेटीत सुखरूप होता. सहा दिवसांनी उत्तर आलं: तोच सांधा दुसऱ्या बाटलीतही आहे. थोडा आहे, पण आहे. म्हणजे जहाल औषध. भागीरथी रडली. धुडकू रडला नाही. त्यानं कारखान्यात पाळी बदलून घेतली आणि सकाळच्या वेळी दवाखान्यात हजर राहू लागला. ज्या माणसाच्या मनात नावाचं एवढं भय बसलं होतं, त्यानं ते भय कुठं नेऊन ठेवलं, कोण जाणे. मोठी माणसं असं करतात. आपण फक्त बघतो.

पहिल्या सलाइनच्या सकाळी आयानं सवयीनं दारातून हाक मारली, “धोंडी पाटील!”

पोर उठली. धुडकूनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

“माय, खरं नाव ल्या,” तो आयाला म्हणाला. “जोरमा ल्या.”

“उज्ज्वला धुडकू पाटील!”

व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली. धुडकूनं एकदा जिन्याकडं बघितलं, उगीचच, कुणी येतंय का म्हणून. मग हजेरी दिल्यासारखा त्यानं लेकीचा हात धरून वर केला.

“आठे शे,” तो म्हणाला.