बिनदुधाचा चहा

सोयरिकी जुळवायला मला कोणी नेमलेलं नाही. दोन्हीकडची माणसं माझ्या ओळखीची असतात आणि मला गप्प बसवत नाही, एवढंच. या वेळी मुलगी माझ्याच बहिणीची होती, ज्योत्सना. मुलगा लाखांदूरचा देवानंद. बी-बियाण्यांचं दुकान, धानाची शेती, घरात तो आणि त्याची आई सत्यभामाबाई. वडील दिवाळीच्या आधी वारले होते. स्थळात मला काही खोट दिसत नव्हती, आणि असं माझ्या बाबतीत क्वचितच होतं.

ज्योत्सना नागपूरला चहाच्या दुकानात काम करते. टपरीवर नव्हे. तिथे पत्तीत फुलं, साली, तेलं मिसळून निरनिराळे चहा तयार करतात, आणि कशात काय किती घालायचं ते ही पोरगी चाखून ठरवते. लग्नानंतर हे काम सोडायची तिची तयारी नव्हती. पत्ती काय, लाखांदुरात बसूनही मिसळता येते, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, आधी होकार येऊ दे, मग काढू तो विषय.

"मंग नाही मामा," ती म्हणाली. "आधीच पाहीन मी त्या घरात माह्यं जमते का. चाय मी मांडीन."

यात मला काही वावगं वाटलं नाही. मुलगी पाहायला आले की चहा मुलीनंच आणायचा असतो.

अड्याळला बहिणीच्या घरी पाहुणे आले, पाणी झालं, धानाच्या भावाचं बोलणं झालं, आणि ज्योत्सना ट्रे घेऊन आली. कपाच्या आधी वास आला. संत्रं सोलताना बोटांना लागतो तसा, आणि त्याच्या मागून कुठल्या तरी फुलांचा. कपात पाहिलं तर दूध नाही. लालसर काळं पाणी, वर एकेक निळी पाकळी.

आमच्याकडे असा चहा मयतीच्या घरी देतात. त्या घरची चूल पेटत नाही, दूध चालत नाही, मग शेजारचे लोक गंज, म्हणजे मोठं पातेलं, भरून काळा चहा आणून ठेवतात. सत्यभामाबाईंच्या घरी तो पिऊन अजून वर्ष झालं नव्हतं. आणि इथे तर वर फुलंसुद्धा टाकली होती.

"दूध फाटलं वाटते," मी घाईनं म्हणालो. म्हटल्यावर कळलं, सोयरिकीच्या दिवशी दूध फाटणं त्याहून वाईट.

"फाटलं नाही मामा," ज्योत्सना दाराशी उभी राहून म्हणाली. "हा असाच पेतात. यात बर्गमोटचं तेल हाये. संत्र्याच्या जातीचं फळ असते थे. दूध टाकलं का त्याचा वास मरते."

'मरते' हा शब्द तिला नेमका तिथेच सुचायचा होता.

बैठकीत कोणी कपाला हात लावला नाही. सत्यभामाबाईंनी मात्र उचलला. नाकाशी धरला, बराच वेळ तसाच धरून ठेवला, मग एक घोट घेतला. "संत्र्याच्या सालीवानी लागते," त्या म्हणाल्या, "पन कडू नाही." दुसऱ्या घोटासाठी त्यांनी कप तोंडाशी नेला, तोच देवानंदनं तो त्यांच्या हातातून हळूच काढून ट्रेमध्ये ठेवला.

"राहू दे आई. आपल्या घरी जाऊन चांगला चाय पेऊ."

त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती. बाईंचा हात क्षणभर तसाच राहिला, मग पदराखाली गेला.

एवढं होऊनही लाखांदूरहून होकार आला. बाईंना मुलगी फार आवडली होती. मुलगाही तयार होता. चहाचं तिला शिकवून घेता येईल, असं तो मला फोनवर म्हणाला. मी आनंदानं बहिणीकडे गेलो, तर ज्योत्सना नाही म्हणाली.

"काहून?" मी चिडलो. "दारू नाही, गुटखा नाही, चांगला मानूस हाये."

"असन चांगला. पन त्याच्या आईले चाय आवडला होता मामा, आन् यानं हातातला कप काढला. माह्या हातातलं काय काय काढन?"

"अगं, काळजीनं काढला त्यानं."

"म्हनूनच त. रागानं काढला असता त भांडता आलं असतं." मग तिनं आतून एक पुडा आणला. "सासू पसंत होती मले. हा त्यायले देजा."

नकार फोनवर सांगून मोकळा झालो असतो. पुड्यामुळे एसटीनं लाखांदूरला जावं लागलं. देवानंद दुकानात होता, बाई एकट्याच घरी होत्या. पुडा हातात घेताच त्यांनी वास घेतला.

"नाही म्हटलं ना पोरीनं?"

"हो."

"काहून?"

पत्रिका जुळत नाही, हे वाक्य अशाच वेळेसाठी असतं आणि ते मी पूर्वी पुष्कळदा वापरलं आहे. त्या दिवशी का कोण जाणे, खरं सांगून टाकलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मले पायजे होती थे पोरगी घरात," त्या म्हणाल्या. पुडा मांडीवर ठेवून म्हणाल्या, "त्याचे बाबूजी बी असेच होते. चांगले होते."

मला फार वाईट वाटलं. उठायला लागलो, तर त्यांनी बसा म्हटलं आणि आत गेल्या. नकार घेऊन आलेल्याला कोणी चहा देत नाही, पण त्यांनी मांडला. दोन कप घेऊन आल्या, बिनदुधाचे. ओसरीवर आम्ही समोरासमोर बसलो. मी मान खाली घालून पीत होतो, आणि खरं सांगायचं तर मला तो काही आवडला नाही.

रस्त्यानं शेजारची बाई चालली होती. मी परका माणूस, खाली घातलेली मान, हातात काळा चहा, हे पाहून ती फाटकाशी थांबली. तिनं पदर डोक्यावर घेतला.

"कोन गेलं वो बाई?"

सत्यभामाबाईंनी तोंडातला घोट आधी सावकाश गिळला.

"कोनी नाही गेलं," त्या म्हणाल्या. "मी चाय पेऊन राहिली."