गच्चीवरची पांढरी पेटी

निवृत्तीनंतर महिपती सुर्वे यांनी दारू, पत्ते, राजकारण यांतलं कुठलंच व्यसन लावून घेतलं नाही, हे त्यांच्या बायकोचं दुर्दैव. दारू सकाळी निदान उतरते. महिपतींनी हवामान केंद्र काढलं.

केंद्र म्हणजे बदलापुरातल्या त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर चार पायांवर उभी केलेली पांढरी लाकडी पेटी. चारी बाजूंनी झडपा, आत तापमापक, आणि त्याचा आकडा थेट महिपतींच्या मोबाइलवर. "उन्हात ठेवलेलं तापमापक हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतं," हे ते दूधवाल्यालाही थांबवून समजावत. "सावली हवी. वारा खेळता हवा." पेटीला दोन्ही मिळत होतं. पेटीच्या बरोबर खाली, स्लॅबला लागून, त्यांचं स्वयंपाकघर होतं. तिथे दोन्ही नव्हतं.

कर्जतपासून कल्याणपर्यंतच्या अशा हौशी मंडळींचा एक ग्रुप होता. उन्हाळ्यात तिथे एकच चुरस: वर्षातला सर्वांत तापलेला आकडा कोणाच्या पेटीत पडतो. हा मान कायम बदलापूरचा, म्हणजे महिपतींचा. यंदा उल्हासनगर कॅम्प एकच्या दिपेश कापडवाल्याने ४२.६ नोंदवून तो पळवला होता, आणि महिपतींचा घास घशाखाली उतरत नव्हता.

त्यातच सोसायटीचा सेक्रेटरी नितीन घरी आला. "काका, गच्चीला पांढरा रंग मारून घेतो. ऊन परत फिरतं. तुमचंच घर थंड पडेल."

"आणि माझी नोंद? काळ्या गच्चीवरची इतकी वर्षं आणि आता पांढरी. तुलना कशी करायची?"

"काकी भाजून निघतात हो खाली."

"ती झाली आजची हवा. मी हवामानाबद्दल बोलतोय. हवामान म्हणजे तीस वर्षांची सरासरी."

"तीस वर्षं मीपण मोजतेच आहे," चहा ठेवता ठेवता संजीवनीबाई म्हणाल्या.

नितीन हसला. महिपतींनी ते विधान अशास्त्रीय ठरवलं.

रंग राहिला. एसीही राहिला. त्याचं बाहेरचं यंत्र गरम हवा फेकणार, पेटीतला आकडा फुगणार, आणि महिपतींना फुगवलेला आकडा नको होता. माणूस प्रामाणिक. गच्चीवर कपडे वाळत घालायलाही बंदी होती, कारण ओलं कापड सुकताना भोवतालची उष्णता ओढून घेतं.

मग एका दुपारी पूर्वेचा वारा सुटला. घाटावरची हवा खाली उतरता उतरता दाबली जाते आणि तापते. तिला थोपवणारा समुद्राचा वारा मुंबईला दुपारीच मिळतो, बदलापूरला पोचेपर्यंत उन्हं कललेली असतात. आज तो वाटेतच कुठे तरी मरावा, अशी महिपतींची प्रार्थना होती. ४२.३. ४२.४. वीज कधीच गेली होती.

"अहो, गरगरतंय मला," संजीवनीबाई म्हणाल्या. "घामसुद्धा यायचा थांबलाय."

"येतोय, पण लगेच सुकतोय. हवा कोरडी आहे ना."

"नळाला उकळतं पाणी येतंय. खाली तळमजल्यावर कौसाबाईंकडे जाऊन पडले असते, पण लिफ्ट बंद. या गुडघ्यांनी चार मजले कोण उतरणार?"

"अगं, सहारात पन्नास होतं. माणसं राहतातच की."

"त्यांच्या बायकांना विचारून या एकदा." त्यांनी माठातलं उरलेलं पाणी एका पंच्यावर ओतलं. "मी वर बसते. एकच जिना आहे. वारा तरी लागेल."

"पेटीपासून लांब बस," महिपती मोबाइलमधून मान न काढता म्हणाले.

४२.५ झालं. महिपती उभे राहिले. आणखी दोन दशांश, की उल्हासनगर खाली.

आकडा ४१ वर आला. मग ३९. मग ३६. लगेच दिपेशचा मेसेज: 'काका, आपका तो गिर गया. बारिश है क्या उधर?'

महिपती दोन-दोन पायऱ्या चढत वर धावले.

गच्चीवर सावली एकच होती, पेटीची, सुपाएवढी. ती पुरेना म्हणून संजीवनीबाईंनी ओला पंचा पेटीवर टाकून खाली ओढला होता आणि त्या आडोशाला त्या कुशीवर पडल्या होत्या. डोळे अर्धे उघडे. अंग कोरडं, लालबुंद. काहीतरी पुटपुटत होत्या, बहुधा माहेरच्या कोणाशी.

"लांब बस म्हटलं होतं ना," महिपती म्हणाले. आणि त्यांनी पंचा काढला.

पण लाकूड ओलं झालं होतं. अशा वेळी आकडा लगेच वर येत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. महिपतींनी दिला. आपली सावली पेटीवर पडू नये म्हणून ते एका बाजूला सरले. त्यामुळे ती संजीवनीबाईंवरही पडली नाही.

४०. ४१. पुटपुटणं थांबलं. ४२.४.

इतक्यात महिपतींच्या मानेला गार लागलं. पश्चिमेचा वारा. समुद्रावरून निघून, खाडी ओलांडून, आज नेमका लवकर पोचला होता. आकडा पुन्हा घसरू लागला, आणि या वेळी तो नियमाप्रमाणे घसरत होता. त्याला हरकत घेता येत नव्हती.

"मेला," महिपती वाऱ्याला म्हणाले. मग ते बायकोकडे वळले आणि नितीनला हाका मारू लागले.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई संध्याकाळी बाहेर आल्या. "एकशे नऊ ताप होता. काही हातात राहिलं नव्हतं. आधी का नाही आणलंत?"

महिपतींनी सवयीने बत्तीस वजा केले, पाचाने गुणलं, नवाने भागलं. ४२.८. म्हणजे दिपेशच्या वर. क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग त्यांचं त्यांनाच कळलं की हे धरता येणार नाही. तापमान हवेचं नव्हतं.

तेराव्यानंतर दिपेशचा मेसेज आला. वर जोडलेले हात, खाली मजकूर: 'काका, उस दिन के ग्राफ में गड्ढा है. रिपोर्ट में कारण क्या लिखूँ?'

महिपतींनी त्या दिवसाचा ग्राफ उघडला. नोंदीत खोटं लिहिणारा माणूस नव्हता तो.

'मानवी हस्तक्षेप,' त्यांनी टाइप केलं. 'आता दूर झाला आहे.'