मावशी, उद्या झाकायचं का?

मला मधे बोलायची सवय आहे, हे आधीच सांगून टाकते. वाईट सवय म्हणतात. म्हणू देत. तीसेक वर्षं मी म्युन्सिपालटीच्या हॉस्पिटलात आया होते, तिथं मधे बोलल्याशिवाय कुणी दाद देत नाही. डॉक्टर राउंडला यायचे, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी काहीतरी बोलून पुढच्या खाटेकडे जायचे, आणि पेशंटची बायको माझा पदर धरायची. "मावशी, काय म्हणाले हो डॉक्टर?" मग मी तशीच त्यांच्या मागे जायची. "साहेब, म्हणजे हिला काय सांगू? भात द्यायचा का नाही द्यायचा?" साहेब चिडायचे, पण सांगायचे.

आता रिटायर होऊन घरी बसले, तर घरात सून हवामान सांगते.

सून म्हणजे दीपिका, आमच्या अमितची बायको. घोडपदेवच्या चाळीतल्या एका खोलीत बसून ती घाटापलीकडच्या तळवणी खोऱ्याचं हवामान सांगते. तिच्या कंपनीतल्या सुनेत्रा मॅडम दुपारी मजकूर पाठवतात. दीपिका कपाटाचं दार उघडून, साड्यांत तोंड घालून तो मोबाइलवर रेकॉर्ड करते. संध्याकाळी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचे फोन वाजतात आणि उचलला की हिचा आवाज. साड्यांत का, तर आवाज घुमत नाही म्हणे. माझ्या लग्नाची पांढरी साडी इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी कामी आली.

तळवणी आम्ही दोघींनी कधी पाहिलेली नाही. पण दीपिकाला आता तिथलं सगळं ठाऊक. कांदा कधी लावतात, किती दिवस शेतात पातीसकट सुकवतात, मग कुठे साठवतात. कांदे साठवायच्या त्या लांबट शेडला कांदाचाळ म्हणतात, हे तिनेच मला सांगितलं. म्हटलं, बरं आहे, त्यांनाही चाळच मिळाली.

तर फेब्रुवारी सरता सरता मॅडमचा फोन आला. लोक फोन उचलतात, पण अर्ध्यातच कट करतात. मार्चअखेरपर्यंत शेवटपर्यंत ऐकायला लागले तर ठीक, नाहीतर एप्रिलपासून कॉम्प्युटरचा आवाज. त्याला पगार द्यावा लागत नाही. दीपिकाने फोन ठेवला. मोरीत बसली आणि एकच टोप घासत राहिली. मॉलमधली नोकरी गेली, पार्लरमधली गेली, तेव्हा पोरगी हसत होती. या वेळी हसली नाही, कारण हे काम तिला मनापासून आवडत होतं. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी चिडते, म्हणून त्या दिवशी आमच्या ह्यांना, म्हणजे शामरावांना, विनाकारण बोलणी बसली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अख्ख्या उन्हाळ्याचा अंदाज आला, मार्च ते मे. मी खाली बसून कुरडयांचे गहू निवडत होते. दीपिका साड्यांत तोंड घालून वाचत होती. "तळवणी खोऱ्यात येत्या हंगामात कमाल तापमान सरासरीपेक्षा किंचित अधिक राहण्याची, तर पर्जन्यमान सरासरीच्या आसपास राहण्याची शक्यता असून, तुरळक ठिकाणी..."

"अगं, पण म्हणजे काय?" मी म्हटलं.

"आई, रेकॉर्डिंग चालू आहे."

"असू दे चालू. तिकडे तो माणूस शेतात उभा आहे. कांदा काढू की ठेवू, ते सांग त्याला. सरासरी काय भाकरीशी खायचीय?"

दीपिका वैतागली. वैतागली की ती सरळ बोलते. "ऊन दरवर्षीपेक्षा जास्त तापणार. पाऊस दरवर्षीसारखाच, म्हणजे मधेच एखाद्या संध्याकाळी अवकाळी येणार, महिन्याच्या शेवटी जास्त भीती. कांदा तयार असेल तर उगाच जमिनीत ठेवू नका. हे सगळं लिहिलंय इथं, फक्त शेवटी लिहिलंय. झालं समाधान?"

"झालं. नमनाला घडाभर तेल कशाला घालायचं मग?"

तिने मला बाहेर गॅलरीत काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून नीट रेकॉर्ड केलं. संध्याकाळी मी चहा टाकत होते तर ही पांढरीफटक होऊन उभी.

"आई, भांडण गेलं."

"कुठं गेलं?"

"तळवणीला. चुकून पहिलीच फाइल पाठवली मी."

इतकी वर्षं माझ्या तोंडाने माझंच काय काय बिघडवलं, त्याचं काही नाही. पण त्या पोरीची नोकरी माझ्या तोंडापायी जाणार म्हटल्यावर मला चहा गोड लागेना. अमित म्हणाला, "आई, तू नको टेन्शन घेऊस." शामराव म्हणाले, "मी सांगत होतो, हिला घरात ठेवून रेकॉर्डिंग होणार नाही." त्या दिवशी मी त्यांना उलट बोलले नाही, यावरून समजा.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. दीपिकाने तो स्पीकरवर टाकला, मी मुद्दाम भिंतीकडे तोंड करून बसले.

"दीपिका, ती बाई कोण आहे?"

"सॉरी मॅडम. सासूबाई आहेत माझ्या. परत असं..."

"त्यांना रोज बसव. लोकांनी शेवटपर्यंत ऐकलंय गं. कितीतरी जणांनी परत लावून ऐकलं."

मग काय. दुसऱ्या दिवसापासून कपाटापुढे आम्ही दोघी. मी एकच अट घातली. बाहेरच्या लोकांत आई-बिई नको, वॉर्डात सगळे मावशी म्हणायचे, तेच ठेव. ती वाचायची आणि मी मधे बोलायची. "वारं सुटणार म्हणजे किती? आंबा पडेल का?" "ढगाळ म्हणजे औषध मारू की नको?" मला शेतीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच मला विचारायला लाज वाटायची नाही. मॅडम आकडे पाठवायच्या, ते रोज वाढत होते. दीपिका भांडी घासताना गाणी म्हणायला लागली. चाळीतल्या बायका दुपारी तीनच्या सुमाराला कुकर लावायच्या थांबल्या, तळवणीला शिट्टी जाऊ नये म्हणून.

आणि महिन्याचे तीन-चार दिवस उरले असताना तो मजकूर आला. उद्या दुपारनंतर तळवणी खोऱ्यात गडगडाट, वादळी वारं, आणि तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता.

दीपिकाने तो वाचला. मी सवयीने विचारलं, "गारा पडणार का?"

मोबाइल चालू आणि ही साड्यांकडे बघतेय. मला कळलं काय चाललंय ते. पडणार म्हणावं आणि पडल्या नाहीत, तर लोक म्हणणार ही थापा मारते, आणि महिना सरताना सगळे पुन्हा कट करणार. नाही पडणार म्हणावं, आणि पडल्या तर? खोऱ्यात सगळा कांदा काढून उघड्यावर सुकत पडलेला होता.

"नक्की माहीत नाही, मावशी," ती म्हणाली. "मॅडमनाही माहीत नाही. पडतील किंवा नाही पडणार."

एरवी मी तोंडाचा पट्टा सोडला असता. पण वॉर्डात मी पाहिलंय, माहीत नाही म्हणणाऱ्या डॉक्टरवर लोक रागावत नाहीत. माहीत नसताना तोंड फिरवून जातो, त्याच्यावर रागावतात.

"बरं," मी म्हटलं. "मग मी काय करू ते सांग."

"काढलेला कांदा उद्या दुपारच्या आत गोळा करा आणि झाका. गहू सोंगून शेतात पडला असेल तर त्याचंही तेच. नाही आला पाऊस, तर मला शिव्या द्या. पण झाका."

"झाका रे बाबांनो," मीही म्हटलं. "माझ्या कुरडया कालपासून गच्चीवर आहेत. वाळवणात माणसाचा जीव कसा अडकतो, मला ठाऊक आहे."

दीपिकाने तेच पाठवलं. या खेपेला जाणूनबुजून.

दुसरा दिवस काही सरता सरेना. मॅडम दर थोड्या वेळाने कळवत होत्या. तळवणीत ऊन. तळवणीत ढग. तळवणीत वारं आलं आणि गेलं. पाचच्या सुमाराला कळवलं की आभाळ मोकळं झालं, थेंबसुद्धा नाही. अख्ख्या खोऱ्याने भर उन्हात कांदा उचलला, ताडपत्र्या ओढल्या, आणि सगळं फुकट. दीपिका म्हणाली, "आई, गेली नोकरी." मी तिच्याजवळ बसले.

तेवढ्यात पत्र्यावर तडतड झाली.

मी गच्चीवर धावले. घोडपदेववर सर आली होती, चांगली दणदणीत. कुरडयांचा परत चीक झाला होता. कावळे हाकलायला मी शामरावांना छत्री देऊन बसवलं होतं. छत्री उघडी होती, पण ती यांच्या डोक्यावर, आणि खाली हे खुर्चीत घोरत होते. जाग आली तेव्हा कुरडयांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं कोरडे पाषाण म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

सकाळी दीपिकाचा फोन वाजला. तळवणीहून सीताराम नावाचे शेतकरी, मॅडमकडून नंबर घेतलेला. दीपिकाने मला हाताला धरून जवळ बसवलं आणि स्पीकर लावला.

"ताई, काल एक थेंब नाही पडला," ते म्हणाले.

"हो दादा. चुकलंच माझं."

"चुकलं कुठं? माहीत नाही म्हणालात की तुम्ही. आजवर ज्यानं त्यानं आम्हाला ठणकावून सांगितलं, आणि निम्म्या वेळा आम्ही बुडालो. माहीत नाही, पण झाका, असं घरचं माणूस सांगतं. कांदा झाकला आणि निवांत झोपलो. त्या मॅडमना आम्ही सगळ्यांनी कळवलंय, ते मशीन-बिशीन लावाल तर फोन उचलणार नाही."

दीपिका रडायला लागली. मीही. बायकांचं काय चाललंय ते सीतारामना कळेना, ते आपले हॅलो हॅलो करत राहिले. मग म्हणाले, "मावशी आहेत का? मावशी, टीव्हीवर दाखवलं, तुमच्याकडं पाऊस झाला. कुरडया झाकल्या होत्या ना?"

वॉर्डात इतकी वर्षं लोकांनी मला त्यांच्या पेशंटचं विचारलं. माझं कुणी विचारलं नव्हतं.

"नाही हो," मी म्हटलं. "राहिल्याच झाकायच्या."

फोनवर आधी एक माणूस हसला. मग त्याच्या मागे आणखी बरेच हसले. म्हणजे तिकडेही स्पीकरच होता.

दीपिकाचं काम राहिलं. मॅडमनी वर्षाचा कागद करून दिला, आणि मला साडी. पुढच्या आठवड्यात परळच्या एसटी डेपोतून अमित एक गोणी घेऊन आला. आत कांदे, आणि कांद्यांवर घडी घातलेली नवी निळी ताडपत्री. तिच्या कोपऱ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "मावशी, आधी आपलं झाका."

कांदे मी अख्ख्या चाळीत वाटले. ताडपत्रीला मात्र कुणाला हात लावू देत नाही, ह्यांनासुद्धा नाही.