पहिलं पाणी

कोंबडीच्या पिल्लांचा ट्रक ठरल्या वेळेच्या आधी आला आणि ड्रायव्हरला ‘जरा थांबा’ म्हणणं मला जमलं नाही.

खरं तर माझ्याकडून कामाची अपेक्षा कुणालाच नव्हती. सून इमास मोटारसायकलवरून पडून हात मोडून बसली होती, मुलगा कालीमंतानला खाणीवर. म्हणून तासिक शहरातली माझी भाड्याची खोली बंद करून मी नुसता सोबतीला आलो होतो. पिल्लं उतरवून घ्यायला शेजारचा ओदिंग यायचा होता, पण तो अजून बाजारातच होता.

इमास ड्रायव्हरशी बोलत अंगणात थांबली. शेडमध्ये मी आणि पिल्लांची खोकी. झाकणांच्या भोकांतून चोची बाहेर येत होत्या. मला वाटलं, तहानलेली असतील. गुळाचं पाणी तयार होतं. एकेक पिल्लू तळहातावर घेतलं, त्याची चोच पाण्यात बुडवली आणि पत्र्याच्या गोल कुंपणात, वर टांगलेल्या शेगडीखाली सोडलं. निदान एवढं तरी आपल्याला येतं, असं वाटून थोडा आनंदही झाला.

इमास आत आली ती कपाळाला हात लावूनच. “अबा, काय केलंत हे? पाजलंत?”

“तहानलेली होती गं.”

मागून ओदिंग आला आणि हसत सुटला. “झालं! अबा आई झाले. आता पंखांवर पिसं येईपर्यंत आतच. अंगरखासुद्धा बदलायचा नाही बरं का.”

आमच्याकडे पहिलं पाणी जो पाजतो, त्यानेच पिल्लं सांभाळायची, हे मीही लहानपणापासून ऐकत होतो. म्हाताऱ्यांच्या गप्पा म्हणून सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी अंघोळीला गेलो असताना ओदिंग लाल सदरा घालून आत शिरला. सगळी पिल्लं घाबरून धावत जाऊन एका बाजूला चढली, एकावर एक. मी ओल्या अंगावर कालचाच करडा कोट चढवून, खोकत आत गेलो तेव्हा तो ढीग सुटला. तळातली सात-आठ उठलीच नाहीत.

त्यानंतर मी बाहेर पडायचं नावच काढलं नाही.

शेडमध्ये वेळ जाता जात नसे. पिल्लाचे पाय गालाला लावून बघायचे. गार लागले तर शेगडी खाली घ्यायची. गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपायची. मऊ भरलेली असली म्हणजे पोट भरलं. एक लंगडं पिल्लू दुपारभर माझ्या बाहीत झोपायचं आणि मीही हात न हलवता बसून राहायचो. भाताच्या तुसावर जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली होती. ती मी वाकून मोठ्याने वाचत असे. माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही; त्यांच्यासमोर फुटला. एखादी बातमी अर्धी वाचून होते तोच तिच्यावर घाण पडे. पण वाचायचं थांबवलं की पिल्लांच्या माना वर व्हायच्या.

बुधवारी घरमालकीण रोकायाहबाईंचा फोन आला.

“अबा, उद्या दुपारपर्यंत येताय की नाही? भाच्याचं लग्न ठरलंय. तुम्ही नाही आलात तर खोली त्याला देणार.”

“माझी पुस्तकं आहेत आत...”

“ओसरीत काढून ठेवीन. पावसाचे शिंतोडे येतात तिकडे, आधीच सांगते. मग मला बोलायचं नाही.”

वीस वर्षं राहिलो त्या खोलीत. दुसरी मला कोण देणार? आणि या घरात माझं काय काम, हे मला आजवर कळलेलं नाही.

इमासने सगळं ऐकलं होतं. “अबा, तुम्ही जा. तो कोट द्या इकडे. मी घालते. खोकतेसुद्धा.”

“तुला जमेल?”

“आल्यापासून ऐकतेय तुमचा खोकला. न जमायला काय झालं?”

गुरुवारी सकाळी तिने माझा कोट प्लास्टरवरून चढवला, माझी काळी टोपी घातली आणि घसा खाकरत आत गेली. मी बाहेर, भिंतीच्या बांबूच्या फटीला डोळा लावून उभा राहिलो. पिल्लं थबकली. इमास खाली बसली, वर्तमानपत्र वाचू लागली. एक पिल्लू तिच्या पायावर चढलं. मग दुसरं.

मला हायसं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

रस्त्यावर मिनीबस दिसली. मी खिसा चाचपायला हात नेला आणि खिसाच नव्हता. खोलीची किल्ली कोटात होती.

“इमास,” मी फटीतून हळूच म्हणालो, “किल्ली.”

तिने एका हाताने खिशातून किल्ली काढली. तेवढ्यात मिनीबसवाल्याने भला मोठा हॉर्न दिला.

पिल्लं उसळली. आधी इमासपासून दूर, मग सैरावैरा. मी काही ठरवलं नव्हतं, तोंडातून आपोआप निघालं, “आहे रे, मी इथंच आहे.” आणि सगळी माझ्या बाजूच्या पत्र्यावर येऊन आदळली, एकावर एक चढायला लागली.

“अबा, बोलत राहा!” इमास ओरडली. “पण एका जागी नको, चालत राहा! नाहीतर मरतील!”

मी शेडभोवती चालू लागलो. माझ्यामागून आत ती सगळी धावत होती, ढीग पांगत होता. बोलायचं तर काय? वाचायला काही नव्हतं, आणि मनातून मला कधी काही सुचत नाही. मिनीबसवाला ओरडला, “काय म्हातारबा, येताय का?” मी चालतच राहिलो. तो निघून गेला.

“माझ्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे,” मी पिल्लांना सांगू लागलो. बातमी वाचावी तशा संथ आवाजात. “खिडकीबाहेर पेरूचं झाड. खिडकीखाली टेबल, त्याचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठा. उजवीकडे फळी. वरच्या फळीवर शब्दकोश, त्याची पाठ उसवलेली...”

आतला कलकलाट उतरत चालला.

“थांबू नका, अबा,” इमास हळू म्हणाली. “बसताहेत.”

किल्ली तिच्या हातातच होती. मी पुन्हा कोपऱ्यावरून वळलो आणि दुसऱ्या फळीवरची पुस्तकं सांगायला घेतली.