मिठाआधीची मासळी

"डोळे मीट," मागच्या बाकावरून जेम्मा म्हणाली.

"कशाला?"

"मीट म्हटलं की मीट. हा शेवटचा बोगदा आहे."

"सत्तरी गाठली मी, जेम्मा. आता काय लपाछपी खेळू?" असं म्हणून कोस्तान्झो डोळे आणखी ताणून समोर बघत राहिला.

गाडी फेरुच्चो चालवत होता. गाडी त्याचीच, बाजारोबाजारी कापडाचे तागे नेणारी. आज सोमवार, कुठेच बाजार नव्हता, म्हणून तागे उतरवून त्याने मागे एक बाक टाकला होता. बोगदा संपला. कोस्तान्झोला आधी वाटलं, समोर नुसतं आभाळच आहे, डोंगराच्या पायथ्यापर्यंत उतरून आलेलं. मग त्या आभाळात त्याला एक जहाज दिसलं.

"गाडी थांबव."

"हमरस्ता आहे हा, कोस्तान्झो. थांबलो तर पोलीस गाडीसकट उचलून नेतील."

"मग हळू तरी चालव!"

फेरुच्चोने वेग कमी केला. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवत, खिडकीतून हात नाचवत पुढे निघून गेले. कोस्तान्झोने मांडीवरची टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तो एवढंच म्हणाला, "इतका?"

"इतका म्हणजे? हा तर एक कोपरा आहे नुसता," फेरुच्चो म्हणाला.

"गप रे," जेम्मा म्हणाली. "बघू दे त्याला."

कोस्तान्झो अल्लेमांदी आच्युगा विकायचा. बोटभर लांबीची ही मासळी मिठात मुरली की तपकिरी होते, आणि तिच्यावाचून सपाटीवरच्या लोकांचं हिवाळ्यातलं जेवण होत नाही. त्याचं गाव मात्र मायरा खोऱ्यात, अगदी वर, जिथे सहा महिने बर्फ असतं आणि बटाट्याशिवाय काही पिकत नाही. म्हणून त्या गावचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या शरद ऋतूत हातगाड्या घेऊन खाली उतरायचे आणि दारोदार खारी मासळी विकायचे. कोस्तान्झो तेराव्या वर्षी बापाच्या गाडीला मागून रेटा द्यायला लागला, तो या जूनपर्यंत विकतच होता. हातगाडी जाऊन तीनचाकी आली, तीनचाकी जाऊन बाजारातला गाळा आला. मासळीची पिंपं कुनेओच्या घाऊक व्यापाऱ्याकडे यायची, तिथून तो उचलायचा. डोंगरावरून सपाटीवर आणि सपाटीवरून डोंगरावर, एवढीच त्याची येरझार. लग्नानंतर लुचीयाला घेऊन दोन दिवस तोरीनोला गेला होता, ती आयुष्यातली एकच सहल. समुद्राला पुढच्या वर्षी जाऊ, असं ती काही वर्षं म्हणत राहिली, मग म्हणायची थांबली, आणि मग एक दिवस तीच राहिली नाही.

तो समुद्राला कधी गेलाच नाही, हे कुणाला ठाऊकही नव्हतं. गेल्या आठवड्यात फोस्सानोच्या बाजारात एका गिऱ्हाईक बाईने सहज विचारलं, "हे मासे दिवसा पकडतात की रात्री?" कोस्तान्झो म्हणाला, "ते मला काय माहीत? मी समुद्र पाहिलेला नाही." आजूबाजूचे गाळेवाले पोट धरून हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. शेजारी चीज विकणारी जेम्मा तेवढी हसली नाही, कारण तिने त्याचे लाल झालेले कान पाहिले होते. महिनाअखेर तो गाळा सोडणार होता. मुलगा तोरीनोत बँकेत होता, त्याने वडिलांसाठी घरात एक खोली रिकामी करून ठेवली होती. जेम्माने त्याच दुपारी फेरुच्चोला गाठलं. "तो तोरीनोला जाऊन खिडकीत बसायच्या आधी त्याला समुद्र दाखवायचा. सोमवारी. आणि नाही म्हणशील तर तुझ्या चादरी दोन धुण्यांत फाटतात, हे अख्ख्या बाजाराला सांगेन."

सावोना बंदराच्या एका बोळात त्यांनी फारिनाता खाल्ली, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची पोळी, लाकडाच्या भट्टीतली, कडेला करपलेली. फेरुच्चोने वर भरपूर मिरपूड मारून तीन तुकडे संपवले आणि आजचा सगळा बेत जाहीर केला. आता नोलीला उतरायचं, किनाऱ्यावर जरा पाय मोकळे करायचे, मग व्हारिगोत्तीला त्याच्या ओळखीच्या खानावळीत साडेबाराला जेवण. टेबल सांगून ठेवलं होतं. कोस्तान्झो हातातला तुकडा तसाच धरून बोळाच्या टोकाकडे बघत होता. तिथे दोन भिंतींच्या मधे, दोरीवर धुणं वाळत घालावं तसा, समुद्राचा एक निळा तुकडा टांगलेला होता.

"अरे, खा ना. पळून जाणार नाही तो," जेम्मा म्हणाली.

"त्याचा आवाज येतोय का गं?"

"मोटारींचा आवाज आहे तो."

नोलीला मात्र खरा आवाज होता. किनाऱ्यावर रंगीत होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या होत्या, आणि त्यांच्या सावलीत पाट्या मांडून कोळणी बसल्या होत्या. कोस्तान्झो पाण्यापाशी गेला, लाट आली तसा मागे सरला, पुन्हा गेला. मग बुटांत पाणी शिरल्यावर बूट-मोजे काढून हातात घेतले आणि अनवाणीच पाट्यांकडे आला. एका पाटीपुढे तो थबकला. पाटीत बोटभर लांबीची मासळी होती. पाठ निळी-हिरवी, पोट आरशासारखं. उन्हात ती इतकी चकाकत होती की नीट बघता येईना. काही मासे अजून शेपटी हलवत होते.

"बाई, ही कुठली मासळी?" त्याने विचारलं.

"कुठली म्हणजे?" कोळीण म्हणाली. "आच्युगा. दुसरी कुठली असणार?"

फेरुच्चोचं हसू ओठांपर्यंत आलं होतं. जेम्माने त्याच्या पायावर जोरात पाय दिला.

कोस्तान्झो खाली बसला. एक मासा त्याने तळहातावर घेतला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. सत्तावन्न वर्षं. दिवसाला किती विकली असेल, याचा हिशेब त्याने कधी केला नव्हता, पण तिचा काटा, तिचा कल्ला, मिठाने तिच्या कातडीवर पडणारी सुरकुती, सगळं तो डोळे मिटून सांगू शकला असता. आणि ती निळी असते, हे त्याला आज कळलं.

"हिला वास नाही," तो म्हणाला.

"ताज्या मासळीला कसला वास?" कोळीण आता त्याच्याकडे नीट बघायला लागली. वय त्याच्याच आसपास, हात रुंद, बोटं सांध्यांपाशी वाकलेली. "कुठले तुम्ही?"

"मायरा खोऱ्यातला."

"अगं बाई! म्हणजे आच्युगावाल्यांतले?"

कोस्तान्झोने मान हलवली. ती अशी हलवली, की जणू एखादी चूक कबूल करतोय. मुलाच्या लग्नात तो चर्चमध्ये सगळ्यांत मागच्या बाकावर एकटा बसला होता. तिथे बस असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. आपल्याला वास येतो हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

पण कोळणीने हात झटकले आणि शेजारणींना हाक मारली, "ऐकलंत का गं? हे वरचे आच्युगावाले आहेत!" मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "माझी आई सांगायची, आपण मासळी फक्त काठापर्यंत आणतो. पुढे तिला पाय फुटतात ते त्या डोंगरातल्या माणसांमुळे. मी नीवेस. बसा, बसा हो."

पण बसायला वेळ नव्हता, कारण होडीमागे आणखी चार पाट्या भरलेल्या होत्या. चोवीस जूनच्या सेंट जॉनच्या सणाआधीची ही मासळी मिठाला सगळ्यांत चांगली. ताजी आहे तोवर ती पिंपात जायला हवी होती, आणि नीवेसची सून आजच तापाने झोपली होती. "दोन हातांनी काय काय करू?" ती म्हणाली. "त्यातून ही बोटं अशी."

"मी करू?" कोस्तान्झोने विचारलं.

"येतं तुम्हाला?"

"भरायला नाही येत. मी नेहमी रिकामं केलंय."

नीवेसने एकदाच दाखवलं. डोकं चिमटीत धरायचं, मोडायचं, आतडं त्याच्याबरोबर बाहेर. मग पिंपाच्या तळाशी जाडं मीठ, त्यावर मासे गोल, शेपट्या आत, एकाला एक चिकटून. मग पुन्हा मीठ. पहिले दहा-बारा मासे त्याने चुकतमाकत लावले. पुढे त्याच्या बोटांना काय झालं, कुणास ठाऊक. पिंप उघडल्यावर वरचा थर कसा दिसतो, त्याच्या खालचा कसा आडवा असतो, कडेला कुठे जागा सुटते, हे त्या बोटांना पाठ होतं. तेच आता उलट्या क्रमाने करायचं होतं. थर बसत गेला. नीवेस स्वतःचं काम थांबवून बघत राहिली.

"माझ्या सुनेला वीस वर्षांत असा थर जमला नाही," ती म्हणाली.

"सांगू नका तिला," कोस्तान्झो म्हणाला. "ताप उतरायचा नाही." शेजारच्या कोळणी खळखळून हसल्या, आणि तोही हसला.

साडेबारा वाजून गेले. फेरुच्चो तीनदा घड्याळ दाखवून गेला. "भरलेली आच्युगा, माकूळ आणि मटार, सगळं सांगून ठेवलंय रे मी! तो खानावळवाला माझं तोंड बघायचा नाही पुन्हा."

"तू जा, जेवून ये," कोस्तान्झो मान वर न करता म्हणाला. "मी काम टाकून कसा येऊ?"

"काम? तू सहलीला आलायस, गाढवा!"

शेवटी फेरुच्चो तणतणत एकटाच गाडी घेऊन व्हारिगोत्तीला गेला, आणि तासाभराने खानावळीचं अख्खं पातेलंच फडक्यात बांधून घेऊन आला. अनामत म्हणून घड्याळ ठेवून आलो म्हणाला. उलट्या पाट्यांवर सगळे जेवायला बसले, शेजारच्या दोन कोळणीसुद्धा. जेम्माने मटारातलं माकूळ वाढलं, पावाचे तुकडे केले, पांढरी वाइन पेल्यांत ओतली. नीवेसने घरून एक बशी आणली. त्यात सकाळीच लिंबाच्या रसात घातलेली ताजी आच्युगा होती, काटा काढलेली, वर तेलाची धार.

"आधी हे," ती कोस्तान्झोला म्हणाली.

त्याने एक तुकडा तोंडात टाकला. जेम्मा त्याच्याकडे बघत होती. तो चावेना, नुसता जिभेवर धरून बसला होता. समुद्र त्याच्यासमोर पसरलेला होता, सावोनाच्या बाजूला चांदीसारखा, इकडे हिरवा, आणि दूर जिथे काहीच उरत नाही तिथे जवळजवळ पांढरा. इतक्या मोठ्या पाण्यातून इतकुसा जीव येतो, डोंगर चढतो, शेतकऱ्याच्या ताटात जातो, आणि त्या वाटेवर मधे कुठेतरी आपण उभे होतो, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं. कारण तो म्हणाला, "लुचीयाला हे ठाऊक नव्हतं गं."

"काय?"

"की ही गोड असते."

जेम्माने त्याचा पेला भरला.

चारच्या सुमारास पिंपं भरून झाली. नीवेसने झाकणावर दगड ठेवले आणि तिघं निघायला उठले. तेवढ्यात पाण्याकडून हाका आल्या. दुपारचं जाळं उचलायला गेलेली होडी परत आली होती. कोळी पाण्यात उतरले, होडी वर ओढायचा दोर वाळूवर फेकला गेला, आणि माणसं आपापल्या जागी येऊन उभी राहिली. दोराच्या एका बाजूला तिघं, दुसऱ्या बाजूला दोघं. तिसऱ्याची जागा तशीच मोकळी होती. कुणी पुढे सरकून ती भरली नाही.

"ती बेर्तोची जागा," नीवेस हलकेच म्हणाली. "माझा नवरा. मार्चमध्ये गेला. तेव्हापासून पाच जणच ओढतात." तिने त्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. मग म्हणाली, "जा ना. बघताय काय?"

"मी?"

"जा."

कोस्तान्झोने हातातले बूट जेम्माकडे दिले आणि तो वाळूतून चालत गेला. रांगेतला पुढचा माणूस वळला, त्याने नीवेसकडे एकदा बघितलं आणि दोर कोस्तान्झोच्या हातात येईल असा जरा सैल सोडला. ओला दोर जड होता. कुणीतरी हाळी दिली, सगळे मागे रेलले, तोही रेलला. होडी लाकडी ओंडक्यांवरून कुरकुरत वर आली, थांबली, पुन्हा वर आली. तिच्या पोटाखालून पाणी वाळूत झिरपून गेलं.

ओढून झाल्यावर बाकीच्यांनी दोर सोडला आणि ते जाळ्याकडे वळले. कोस्तान्झो दोर धरून तसाच उभा होता. फेरुच्चोने हाक मारायला तोंड उघडलं, पण जेम्माने त्याच्या दंडावर हात ठेवला. मग तिने खाली बसून बुटांतली वाळू झटकली, आधी एका बुटातली, मग दुसऱ्यातली, आणि ते जोडीने होडीच्या कडेवर उन्हात वाळत ठेवले.