पुसलेली प्रवचनं

दुपारी ताईचा फोन आला. "अरे मिस्त्री, बाबांच्या पानावरची चूक मी सकाळीच दुरुस्त केली. साइटवर अजून जुनंच दिसतंय. तुझा सर्व्हर वामकुक्षी घेतोय की काय?"

काहीही बिघडलं की खोलून बसायचा, म्हणून घरात त्याला मिस्त्रीच म्हणत. "दोन मिनिटांत करतो," तो म्हणाला.

बाबा गात गात प्रवचन करायचे. आधी पद, मग अर्थ, मग गोष्ट, आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरले की पुन्हा तेच पद. ते गेल्यावर मिस्त्रीने त्यांचं सगळं, लिहिलेलं आणि ध्वनिमुद्रित केलेलं, साइटवर नेलं होतं. आत्ताही पलीकडच्या खोलीत आई तेच ऐकत होती. दिसेनासं झाल्यापासून तिची दुपार त्या आवाजावरच कलायची.

सर्व्हर आधी म्हणाला, परवानगी नाही. मिस्त्रीने फाइलींची मालकी बदलली. मग म्हणाला, कुलूप आहे. कुठल्याशा अर्धवट कामाने मागे ठेवलेलं ते कुलूप त्याने काढलं. मग तिसरी एरर: रिपॉझिटरीच्या, म्हणजे साइटमधले बदल टिपून ठेवणाऱ्या वहीच्या, नोंदीत नसलेल्या काही फाइली वाटेत आहेत.

"घ्या, आता हे!" नोंदीबाहेरचं झाडून सगळं साफ करायची कमांड त्याने ठोकून दिली. भीती कसली? रिपॉझिटरीत प्रत्येक बदल जपलेला असतो, हवं तेव्हा मागे जाता येतं.

"दिसलं रे!" ताई फोनवर हसली. "अगदीच वाया गेला नाहीस."

तेवढ्यात आतून हाक आली. "बाळा, हे संपलं. पुढचं लागत नाहीये."

मिस्त्रीने सर्व्हर उघडून पाहिला. ध्वनिमुद्रणांचा फोल्डरच नव्हता. ती जड, म्हणून त्यांची नोंद ठेवू नकोस असं रिपॉझिटरीला त्यानेच सांगून ठेवलं होतं.

देवा, एवढं एकदा मागे घे, म्हणत त्याने सगळा इतिहास उपसला. ताईने सुधारलेला एकेक स्वल्पविराम सापडला. आवाज कुठेच नव्हता. बॅकअप होता, तोही रिपॉझिटरीचाच.

सर्व्हर भाड्याने देणारा होस्टिंगवाला म्हणाला, "साहेब, डिस्कची प्रत ठेवा असं तुम्ही सांगितलंच नव्हतं."

मूळ मुद्रणांची हार्डडिस्क त्याने ताईला देऊन टाकली होती. सर्व्हरवर आहेत ना, म्हणून.

"त्यावर मी सिनेमे भरलेत रे," ताई म्हणाली.

तो आईजवळ जाऊन बसला. "आई, माझ्या हातून बाबांचा आवाज पुसला गेला."

"सगळा?"

"सगळा."

आईने चेहरा त्याच्या आवाजाकडे वळवला. मग म्हणाली, "तू म्हण. दर वेळी अगदी पुढे तूच तर असायचास."

असायचा खरा. कानांवर हेडफोन, नजर ध्वनिमुद्रणाच्या मशीनच्या काट्यावर. आवाज फाटत नाही ना, एवढंच ऐकत. त्याने पद धरलं आणि दुसऱ्याच ओळीला अडला. आईने शब्द पुरवला. पुढचाही पुरवला. तिला सगळं तोंडपाठ होतं.

दोघांनी कसंबसं पद संपवलं. मग सवयीने तिचं बोट पुढच्या प्रवचनाचं बटण चाचपू लागलं.