जुन्यात होते तेवढेच

साधनाला एका जागी बसवत नव्हतं. सेनगावच्या बसस्टँडसमोर सलमानभाईचं मल्टी सर्व्हिसेसचं दुकान. गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या, त्यातली एक तिच्यासाठी रिकामीच होती. पण ती बसायची, लगेच उठायची, दारापर्यंत जायची, हिंगोलीकडे निघालेल्या जीपगाड्या बघायची आणि परत येऊन स्क्रीनसमोर उभी राहायची. स्क्रीनवर काही बदललेलं नसायचं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा पर्याय अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचची, आणि भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

अर्ज तसा भरून झाला होता. कोणतं कॉलेज, कोणती शाखा, पहिली पसंती कुठली, नववी कुठली, सगळं लिहिलेलं होतं. राहिला होता फक्त लॉक करायचा. लॉक करायला ओटीपी लागतो आणि ओटीपी जातो नोंदवलेल्या मोबाईलवर. नोंदवलेला मोबाईल अण्णांचा. नोंदणी करताना वडिलांचा नंबर टाकायची सवय आपल्याकडच्या यच्चयावत पोरींना असते. आपल्या आयुष्याची किल्ली आपणच दुसऱ्याच्या खिशात टाकतोय, हे त्या वेळी एकीच्याही डोक्यात येत नाही.

अण्णा म्हणजे व्यंकटराव. बाजार रोडला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. आजूबाजूच्या पंचवीस-तीस गावांतल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तिथं येतात. व्यंकटराव मोटार उघडतात, जळकी तार काढतात, खाचेत तारेचे किती टर्न, म्हणजे वेढे, होते ते मोजतात, जुन्या वहीत लिहितात आणि तेवढ्याच टर्नची नवी तांब्याची तार भरतात. सव्वीस वर्षं हेच काम. बोटांत वार्निश इतकं मुरलंय, की लग्नकार्यात हात धुऊनही माणसं त्यांच्या हाताकडे बघतात. म्हणून त्यांनी फार आधीपासून ठरवून टाकलं होतं: साधनाचे हात स्वच्छ राहायला पाहिजेत. तिनं कम्प्युटर घ्यायचं. त्यांच्या मोठ्या भावाची मुलगी प्रतीक्षा कम्प्युटर घेऊन पुण्याला गेली, गारेगार ऑफिसात बसते, दिवाळीला येते तेव्हा सगळी गल्ली तिला बघायला गोळा होते. हिनंही तसंच करायचं, म्हणजे विषय मिटला.

विषय मिटला नव्हता, कारण गोम दुकानातच होती. आठवीपासून साधना शाळा सुटली की दुकानात जाऊन बसायची. आधी नुसती तार धरायला, मग टर्न मोजायला, आणि अण्णांना चष्म्यातूनही बारीक तार दिसेनाशी झाल्यापासून खाचा भरायलाही. 'व्यंकटरावचा हात लागला की मोटार पाच वर्षं बघायला नको,' असं गिऱ्हाईक सांगायचं, तेव्हा त्यातला निम्मा हात साधनाचा असायचा. हे घरातली तीन माणसं सोडली तर कुणाला ठाऊक नव्हतं. व्यंकटराव ते कुणाला कळूही देत नसत. सोयरे आधीच टोमणे मारायचे, पोरीला काय विजेच्या खांबावर चढवता का म्हणून.

काल जेवताना शेवटचं ठरलं. व्यंकटरावांनी सांगितलं, नांदेडचं कम्प्युटर पहिलं, मग बाकीच्या ठिकाणचं कम्प्युटर, जागा भरायला खाली काहीही टाक. आई सुमनबाई म्हणाल्या, अण्णा सांगतात तसं कर, त्यांनी दुनिया बघितली आहे. अण्णांनी सेनगाव, हिंगोली आणि एकदा तिरुपती एवढीच दुनिया बघितली होती, पण साधना मान डोलावून मोकळी झाली. आणि आज दुपारी सलमानभाईच्या दुकानात येऊन तिनं पहिली सहाही घरं इलेक्ट्रिकलनं भरली. नांदेडचं कम्प्युटर सातवं टाकलं.  आता त्या गोष्टीला तास उलटला होता.

चार वाजून दहा मिनिटांनी सलमानभाईनं ओटीपी पाठवला. साधनानं अण्णांना फोन लावला. लागेना. आईला लावला, तर कळलं की ते नेमसिंगच्या शेतावर गेलेत. नेमसिंगची मोटार परत जळाली होती.

 नेमसिंगचं शेत नरसी गावाच्या अंगाला, माळाच्या पलीकडे. पावसानं तीन आठवडे ओढ दिलेली, शेतात दोन एकर हळद उभी, विहिरीत पाणी आहे आणि ते वर काढायची मोटार वर्षभरात तिसऱ्यांदा जळालेली. मोटार त्यानं जुनीच विकत घेतली होती, आधी कुठंतरी भरून घेतलेली. पहिल्यांदा जळून आली तेव्हा व्यंकटरावांनी टर्न मोजले, अडतीस निघाले. वहीत अडतीस लिहिले, अडतीस भरले. चार महिन्यांत जळाली. पुन्हा अडतीस.

ती दुसऱ्यांदा भरली होती साधनानंच. भरताना ती वही चाळत होती. अशाच पाच एचपीच्या दुसऱ्या मोटारींपुढे कुठं त्रेचाळीस होते, कुठं चव्वेचाळीस. हिलाच अडतीस का, असं तिनं विचारलं होतं. व्यंकटराव म्हणाले होते, जुन्यात होते तेवढेच. तिनं विचारलं, पण जुन्यात भरणारानंच चुकवले असतील तर? ते म्हणाले, विजेचा दाब कमी असतो, मोटारी जळतातच. पण नेमसिंगच्या बांधाला लागून असलेली शेतं त्याच डीपीवर, त्याच ट्रान्सफॉर्मरवर होती, आणि त्यांच्या मोटारी तीन-तीन वर्षं सुखानं चालत होत्या. साधनानं ते बोलून दाखवलं नाही. तिनं निमूट अडतीस टर्न टाकले, दोनदा मोजून. आणि तेव्हापासून त्या 'का'नं तिचा पिच्छा सोडला नव्हता. अभ्यासाला बसली तरी तेच, जेवायला बसली तरी तेच.

सव्वाचारला अण्णांचा फोन आला. ते रेंजसाठी बांधावर येऊन उभे होते.

"नंबर आलाय बघ. कम्प्युटर पहिलं टाकलंस ना, बाई?"

साधनानं सलमानभाईकडे बघितलं. सलमानभाई छताकडे बघत होता.

"व्हय," ती म्हणाली.

इतकं सोपं होतं ते. एक शब्द.  व्यंकटराव चष्मा शोधून आकडे वाचायला लागले, तीन आकडे वाचले आणि फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना. साडेचारला ओटीपी बाद झाला.

सलमानभाई समजूतदार माणूस. गेली आठ वर्षं त्यानं सेनगाव तालुक्यातल्या निम्म्या पोरांचे अर्ज भरले होते, आणि पोरांच्या मनात एक आणि बापाच्या मनात एक, हे त्याला नवीन नव्हतं. त्यानं तिला पाणी दिलं आणि तोडगा सांगितला. आता परत ओटीपी पाठवू, काकांकडून गुपचूप नंबर घे. यादी लागली आणि इलेक्ट्रिकल मिळालं, की सांगायचं सिस्टीमनंच दिलं. कम्प्युटरला मार्क कमी पडले म्हणायचं. कोण तपासायला बसलंय?

तोडगा पक्का होता. साधनाला त्यात एकही भोक सापडेना. अण्णा मानतील, थोडे हळहळतील, सिस्टीमला शिव्या घालतील, आणि चार वर्षं ती आपल्या मनासारखं शिकेल. फक्त घरी आल्यावर रोज त्यांच्या समोर बसून जेवायचं होतं. ती पुन्हा दारापर्यंत गेली. एक एसटी आली, माणसं उतरली, एसटी गेली. ती परत आली. चार चाळीस.

सलमानभाईनं दुसरा ओटीपी पाठवला. दोन मिनिटांनी फोन वाजला.

"आला नंबर," व्यंकटराव म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "पण थांब जरा. आदी हे सांग. नेमसिंगच्या मोटारीचे टर्न मागच्या टायमाला तूच टाकले ना?"

"व्हय."

"बराबर मोजले व्हते?"

"दोनदा मोजले, अण्णा. अडतीसच."

 फोनमध्ये मागून नेमसिंगचा आवाज येत होता. तो भांडत नव्हता, शिव्याही देत नव्हता. हळदीची पानं कडेनं वळायला लागली आहेत, एवढंच तो कुणाला तरी सांगत होता. त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"लई माणसं जमलीत इथं," व्यंकटराव हळू आवाजात म्हणाले. "समदे माझ्याकडं बघून राहिले. मला काय बी उमजून न्हाई राहिलं, बाई."

अण्णा असं बोलल्याचं साधनानं जन्मात ऐकलं नव्हतं.  सलमानभाईचा तो पक्का, बिनभोकाचा तोडगा तिथल्या तिथं निकामी झाला. या माणसाला आता आणखी एक खोटी गोष्ट सांगणं तिला शक्यच नव्हतं.

"अण्णा, मी मघाशी खोटं बोलले. कम्प्युटर पहिलं न्हाई टाकलं. इलेक्ट्रिकल टाकलंय. कम्प्युटर सातवं हाय."

सलमानभाईनं कपाळावर हात मारला.

"काहून?" व्यंकटरावांनी एवढंच विचारलं.

"त्या मोटारीला अडतीस बराबर हायेत का न्हाई, हे आपल्या दुकानात कुणालाच सांगता येत न्हाई. तुमाला बी न्हाई, मला बी न्हाई. जुन्यात किती व्हते तेवढं फकस्त आपण मोजतो. मला ते शिकायचंय, अण्णा. किती पायजेत, अन का पायजेत."

"माझी चूक काढून राहिली का तू?"

"मोटार मीच भरली व्हती. चूक असंल तर ती माझी बी हाय."

घड्याळ चार अठ्ठेचाळीसवर आलं होतं. साधना उभ्याउभ्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होती.

"माझे हात कदी नीट बघितले का तू?" त्यांनी विचारलं.

"रोज बघते. माझे बी तसलेच व्हायला लागलेत. मला त्याचं काय बी वाटत न्हाई."

हे ऐकून ते चिडतील असं तिला वाटलं. ते चिडले नाहीत.  

"मी खूष न्हाई. हे ध्यानात ठिव."

"ठिवते."

"लिव. सात."

व्यंकटराव आकडे वाचायला लागले. टर्न मोजताना मोजायचे तसेच, एक आकडा नीट बसल्याशिवाय पुढचा नाही. सात. लिवलं? शून्य. लिवलं? सहाव्या आकड्याला चार बावन्न झाले. सलमानभाईनं बटण दाबलं, स्क्रीनवर हिरवी पट्टी आली, आणि साधनाला आनंद व्हायच्या ऐवजी भीतीच वाटली. आता यादी लागेपर्यंत काही करता येत नव्हतं. इलेक्ट्रिकलला नंबर लागेल की नाही, लागला तर ते आपल्याला झेपेल की नाही, अण्णा घरी येऊन बोलतील की नाही, सगळंच अधांतरी. सलमानभाईनं प्रिंट हातात दिली, तिनं ती चौघडी करून ओढणीच्या टोकात बांधली आणि तिथून निघाली.

घरी जायचं धैर्य होईना, म्हणून ती दुकानात गेली. शटर वर केलं. वही काढली, नेमसिंगच्या नावाचं पान उघडलं. एकाखाली एक दोनदा अडतीस लिहिलेले होते, दुसरे तिच्याच अक्षरात. तिनं दोन्हींवर काट मारली. खाली चव्वेचाळीस लिहिले. ते लिहून झाल्यावरही तिला चैन पडेना, कारण चव्वेचाळीस हा तरी शेजारच्या मोटारींवरून काढलेला अंदाजच होता. शेवटी तिनं त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

साडेसहाला छोटा हत्ती टेम्पो दारात थांबला. व्यंकटराव आणि नेमसिंगनं मोटार उतरवली. नेमसिंग म्हणाला, हळद चार दिवस कशीबशी तग धरेल, आणि त्याच गाडीत बसून गेला.  व्यंकटरावांनी मोटार उघडली, जळकी तार ओढून बाहेर टाकली, फडक्याला हात पुसले आणि सवयीनं वही जवळ घेतली. पान बघून थांबले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, परत लांब धरलं. त्या वहीत सव्वीस वर्षं नुसते आकडे होते.

"किती वर्षांचं हाय ते तुझं शिक्षण?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"चार."

"अन तवर नेमसिंगला हे सांगू का?" त्यांचं काळं बोट प्रश्नचिन्हावर होतं.

 दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

"व्हय," ती म्हणाली. "हेच सांगा. या डावाला अंदाजानं भरलीय म्हणावं."

व्यंकटराव वहीकडे बघत राहिले. त्यांना राग आला होता, लाजही वाटत होती, आणि पोरगी खरं बोलतेय हे कळतही होतं. हे सगळं चेहऱ्यावर एकाच वेळी दिसत होतं आणि त्यातलं काहीच जात नव्हतं. मग त्यांनी नव्या तारेचं रीळ पुढे ओढलं, टोक तिच्या हातात दिलं आणि स्वतः दिव्याखाली सरकून बसले.

"चल, मोज," ते म्हणाले. "चव्वेचाळीस."

साधना मोजायला लागली.